काकवीची धार, कणाकणानं

जाहिरातीत चमच्यावरून मधाची जाड धार सुटते, खाली पडताना तिची एकावर एक वेटोळी बसतात आणि मग ती सावकाश पसरत जातात. चॉकलेट वळणं घेत बिस्किटावर येतं, शँपूचा थेंब तळहातावर डुलतो. पाहणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो : हे खरंच ओतलंय की कॉम्प्युटरवर केलंय? आणि कॉम्प्युटरवर केलं असेल, तर मध म्हणजे काय हे त्या यंत्राला कळतं तरी कसं?

यातली बरीच दृश्यं कॉम्प्युटरवरच होतात. ती कशी होतात हे समजून घेण्यासाठी या प्रकरणात एकच शॉट धरू. ताटलीत गरम घावन आहे, वरून वाटीतली काकवी त्यावर ओतली जाते आहे. लांबी पाच सेकंद, वेग नेहमीचा, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं.

१. पाणी हळू सोडलं की काकवी होत नाही

पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते : पाण्याचं ॲनिमेशन घ्यायचं, ते हळू चालवायचं आणि रंग तपकिरी करायचा. असं केलं की पडद्यावर दिसतं ते हळू चाललेलं तपकिरी पाणी. घावनावर आपटून त्याचे शिंतोडे उडतात, कडेला लाट जाऊन परत येते, फक्त सगळं संथपणे होतं. काकवी यातलं काहीच करत नाही. तिचा शिंतोडा उडत नाही. धार तुटण्याआधी केसाइतकी बारीक होते, खाली पडलेली काकवी आधी ढीग करते आणि मग पसरते.

फरक वेगाचा नाही, आतल्या घर्षणाचा आहे. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकू लागला की त्यांच्यात ओढाताण होते. या विरोधाला पाठ्यपुस्तकात विष्यंदिता म्हणतात. इथे आपण दाटपणा म्हणू. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्याचा दाटपणा साधारण १ मिलिपास्कल-सेकंद, ग्लिसरिनचा सुमारे १,४००. मधाचा काही हजारांपासून दहा हजारांच्या आसपास. मध किती गरम आणि त्यात पाणी किती, यावर तो बदलतो. दुसऱ्या टोकाला डांबराचा भाईबंद असलेला ‘पिच’ हा पदार्थ आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये तो एका नरसाळ्यात भरला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड उघडलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले.

दाटपणा म्हणजे वजनदारपणा नव्हे. गोडेतेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलकं. पण दाटपणात ते पाण्याच्या कित्येक पट पुढे आहे. सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे आकडे भरावे लागतात. नवशिका बहुतेकदा चुकीचा आकडा वाढवतो आणि काकवी दाट का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो.

२. एकमेकांना न ओळखणारे कण

हा दाटपणा कॉम्प्युटरवर आणायला द्रव कणांतून उभा करता येतो, पण कणांची कल्पना आधी वेगळ्याच कामासाठी आली. धूर, आग, धूळ, फवारा अशा गोष्टींना ठरावीक आकार नसतो, त्यामुळे त्या रेषा-पृष्ठभागांनी रेखाटता येत नाहीत. यावरचा तोडगा १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटात दिसला. एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते, ते दृश्य लुकासफिल्ममध्ये विल्यम रीव्हज यांनी हजारो सुट्या ठिपक्यांतून उभं केलं आणि पुढच्या वर्षी त्या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. प्रत्येक ठिपक्याला जागा, वेग, रंग आणि आयुष्य दिलेलं. ठिपका जन्मतो, उडतो, विझतो.

ठिणग्यांसाठी एवढं पुरतं. काकवीसाठी पुरत नाही, कारण हे कण एकमेकांना ओळखत नाहीत. वाटीतून दहा हजार असे कण सोडले, तर ते एकमेकांच्या आरपार जातील आणि घावनावर एकाच पातळ थरात चपटे पडतील. ढीग व्हायचा तर वरच्या कणाला खालचा कण जाणवला पाहिजे.

३. शेजार म्हणजे काय

कणांना एकमेकांची जाणीव करून देणारी पद्धत आली खगोलशास्त्रातून. १९७७ मध्ये लिऑन ल्यूसी यांनी, आणि स्वतंत्रपणे रॉबर्ट गिंगोल्ड व जो मोनाहन यांनी, ताऱ्यांमधल्या वायूची हालचाल मोजण्यासाठी ती मांडली. तिचं नाव स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स. व्यवसायातले लोक एसपीएच म्हणून मोकळे होतात. १९९६ मध्ये माथ्यू देब्रं आणि मारी-पॉल गास्क्वेल यांनी ती ॲनिमेशनमधल्या मऊ, आकार बदलणाऱ्या वस्तूंसाठी वापरली. २००३ मध्ये माथियास म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की साध्या कॉम्प्युटरवरही काही हजार कणांचं पाणी डोळ्यांदेखत हलवता येतं.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. प्रत्येक कणाभोवती एक ठरावीक अंतराचा गोल मानायचा. त्या गोलात येतील ते शेजारी, साधारण तीस-चाळीस. जवळच्याचं वजन जास्त, लांबच्याचं कमी, गोलाबाहेरच्याचं शून्य. मग चित्रागणिक, किंबहुना एका चित्रात अनेकदा, प्रत्येक कणासाठी दोन गोष्टी तपासायच्या. शेजारी दाटीवाटीनं आलेत का? आले असतील तर एकमेकांना बाजूला सारायचं. हा झाला दाब. शेजाऱ्यांचा वेग आपल्यापेक्षा वेगळा आहे का? असेल तर आपला वेग त्यांच्याकडे झुकवायचा, हा दाटपणा. त्यात गुरुत्वाकर्षण मिळवलं की कण पुढच्या जागी जातो. हे झालं हिशेबाचं एक पाऊल.

संध्याकाळी दादरच्या पुलावर गाडी पकडायची घाई असलेला माणूसही शेवटी शेजाऱ्यांच्याच वेगानं चालतो. त्याच्या रेट्यानं शेजारी जरा पुढे सरकतात आणि त्यांच्यामुळे तो मागे ओढला जातो. एकट्या माणसाकडे पाहून गर्दी किती आहे ते सांगता येत नाही. दाटपणाही तसाच एका कणाच्या अंगात नसतो. तो दोन कणांच्या व्यवहारात असतो. पुढच्या सगळ्या अडचणी आणि त्यावरचे सगळे उपाय या एका गोष्टीतून निघतात.

पहिली अडचण तर लगेच येते : शेजारी शोधायचे कसे? दहा लाख कणांपैकी प्रत्येकाचं प्रत्येकाशी अंतर मोजायचं म्हटलं, तर जवळपास पन्नास हजार कोटी जोड्या होतात, त्याही एकेका पावलाला. म्हणून जागेचे चौकोनी खण पाडतात, खणाची बाजू गोलाच्या त्रिज्येएवढी ठेवतात. कणानं आपला खण आणि त्याला टेकलेले सव्वीस, असे सत्तावीस खण पाहिले की काम झालं.

४. पाच कणांचा हिशेब

धारेतला एक कण सेकंदाला १२ सेंटिमीटर वेगानं खाली येतोय. त्याचे चार शेजारी ४, ४, ६ आणि ६ या वेगानं येताहेत. शेजाऱ्यांची सरासरी ५, कणाचा फरक ७. या फरकाचा किती हिस्सा एका पावलात मिटवायचा, तो आकडा म्हणजे आपला दाटपणा.

हिस्सा ०.१ धरला, तर नवा वेग १२ − ०.७ = ११.३. कण जवळपास आपल्याच तालात जातो; हा पातळ द्रव. हिस्सा ०.५ धरला, तर १२ − ३.५ = ८.५. कण शेजाऱ्यांत मिसळू लागला, हा दाट.

आता काकवी आणखी दाट हवी, म्हणून हिस्सा २.५ करून पाहू. १२ − १७.५ = −५.५. कण खाली यायचा सोडून वर निघाला! शेजारी ५ वरच आहेत असं धरून पुढचं पाऊल टाकलं, तर फरक उलट दिशेनं १०.५, त्याचा अडीचपट २६.२५, आणि नवा वेग २०.७५. त्यापुढचं पाऊल आणखी मोठं आणि पुन्हा उलटं. चार-पाच पावलांत धारेतले कण दाही दिशांना उडतात. स्टुडिओत याला ‘सिम फुटलं’ म्हणतात; सिम म्हणजे सिम्युलेशन. जास्त दाट करायला गेलं आणि काकवीचा स्फोट झाला, हा अनुभव या कामात नव्यानं पडलेल्या प्रत्येकाला येतो.

५. सिम का फुटतं आणि ते आवरायचं कसं

एक उपाय म्हणजे पावलं बारीक करणं. एका चित्राच्या वेळेत एक पाऊल टाकण्याऐवजी शंभर टाकली, की एकेका पावलात मिटवायचा हिस्सा लहान होतो आणि वेग उलटत नाही. पण हा उपाय महागात पडतो. धारेतले बारकावे दिसावेत म्हणून कणांमधलं अंतर निम्मं केलं, तर त्याच जागेत आठपट कण लागतात. शिवाय दाट द्रवात सुरक्षित पावलाची लांबी अंतराच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे पावलं चौपट होतात. आठ गुणिले चार, बत्तीस. दहा मिनिटांचं काम सव्वापाच तासांवर जातं.

दुसरा उपाय हिशेबाचा क्रम बदलण्याचा. आत्ताच्या फरकाचा हिस्सा वजा करण्याऐवजी प्रश्न असा मांडायचा : पावलाच्या शेवटी कणाचा वेग किती असला, म्हणजे त्या शेवटच्या वेगाशी दाटपणाचा नियम जुळेल? आपल्या उदाहरणात याचं उत्तर साध्या भागाकारानं मिळतं. कणाचा वेग आणि अडीचपट सरासरी यांची बेरीज करायची, १२ + १२.५ = २४.५. तिला १ + २.५ म्हणजे ३.५ नं भागायचं. उत्तर ७. कण शेजाऱ्यांच्या जवळ आला आणि ५ च्या पलीकडे गेला नाही. हिस्सा ९९ इतका अवाढव्य धरला तरी (१२ + ४९५) ÷ १०० = ५.०७. डांबर झालं, स्फोट झाला नाही.

प्रत्यक्षात शेजारीही त्याच वेळी बदलत असतात. त्यामुळे लाखो कणांची लाखो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. म्हणूनच सॉफ्टवेअरमधला दाटपणाचा खास सॉल्व्हर, म्हणजे ही समीकरणं सोडवणारा भाग, चालू केला, की एकेक चित्र निघायला वेळ लागतो. पाण्यापेक्षा काकवी दिसायला शांत असली, तरी कॉम्प्युटरला तीच जास्त घाम फोडते.

६. वेटोळी का पडत नाहीत

सिम फुटायचं थांबलं, धार छान जाड झाली, तरी एक गोष्ट जमत नाही. घावनावर काकवीची वेटोळी पडत नाहीत. धार खाली येते आणि मुकाट पसरते.

खऱ्या धारेचं खालचं टोक घावनावर अडतं, वरून येणारी काकवी त्याला दाबते, धार वाकते आणि तोल सांभाळत गोल फिरू लागते. म्हणजे वेटोळं व्हायला धारेला वळता आलं पाहिजे. द्रवाचा एखादा गोळा जसाच्या तसा फिरत असेल, तर त्यातल्या कुठल्याही दोन कणांमधलं अंतर बदलत नाही. आत घसरण नाही, म्हणून घर्षणही नाही. खरा दाटपणा अशा फिरण्याला मुळीच हरकत घेत नाही.

आपली सरासरीची युक्ती मात्र हरकत घेते. फिरत्या गोळ्याच्या मधल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी असतात, समोरासमोरच्यांचे वेग एकमेकांना तोलतात आणि सरासरी त्याच्या वेगाएवढीच येते. कडेच्या कणाला फक्त आतल्या बाजूला शेजारी. ते हळू फिरतात, म्हणून सरासरी कमी येते आणि कडेचा कण उगाच मंदावतो. काकवीची बारीक धार म्हणजे बहुतेक सगळी कडच, त्यामुळे तिचं वळणंच मरून जातं. २००८ मध्ये क्रिस्टोफर बॅटी आणि रॉबर्ट ब्रिडसन यांनी मोकळ्या पृष्ठभागावरचा हा हिशेब नीट मांडला, तेव्हा पडद्यावरच्या मधाच्या धारेला घड्या आणि वेटोळी पडू लागली.

त्यांची पद्धत निव्वळ कणांची नव्हती. चित्रपटांतले बहुतेक द्रव आज कण आणि जाळी यांच्या जोडीनं होतात. कण द्रव वाहून नेतात. जागेत मांडलेल्या चौकोनी जाळीवर दाब आणि दाटपणाची समीकरणं सुटतात. कणांचे वेग जाळीवर उतरवायचे, तिथे हिशेब करायचा, उत्तर परत कणांना द्यायचं. ही कल्पना फ्रान्सिस हार्लो यांनी अमेरिकेच्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात मांडली. तिच्या मूळ रूपात एक खोट होती : उतरवताना आणि परत देताना प्रत्येक खेपेला सरासरी होते, बारीक हालचाली पुसल्या जातात आणि साधं पाणीही सरबतासारखं दिसतं. १९८६ मध्ये जेरेमाया ब्रॅकबिल आणि हान्स रुपेल यांनी त्यावर तोड काढली. कणाला जाळीवरचा सगळा वेग न देता फक्त झालेला बदल द्यायचा. हीच फ्लिप पद्धत. २००५ मध्ये योंगनिंग झू आणि ब्रिडसन यांनी ती ॲनिमेशनमध्ये आणली, तीही वाळू ओतण्याच्या निमित्तानं.

कुणी म्हणेल, आपल्याला दाटच हवं आहे, मग ती जुनी खोट फुकटात का वापरू नये? अडचण अशी, की तो दाटपणा काकवीचा नसतो, जाळीच्या खणाचा असतो. मोठ्या खणांवर चाचणी केली, दिग्दर्शकानं पसंत केली, मग अंतिम कामासाठी खण लहान केले, की तीच काकवी पातळ होते. पसंत केलेलं हातातून जातं.

७. गोळ्या दिसू नयेत म्हणून

इथवर आपल्याकडे आहेत ते नुसते बिंदू. त्यांच्यावरून सलग, चकचकीत पृष्ठभाग ओढायचा आहे. जिम ब्लिन यांनी १९८२ मध्ये सुचवलेली रीत आजही कामी येते. प्रत्येक कणाभोवती अंतराबरोबर विरत जाणारा प्रभाव मानायचा, सगळ्यांचे प्रभाव मिळवायचे आणि बेरीज एका ठरावीक आकड्याएवढी होते तिथे पृष्ठभाग धरायचा. दोन कण जवळ आले की मधली जागा आपोआप भरते. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मेटाबॉल म्हणून माहीत आहे ते हेच. या बेरजेवरून त्रिकोणांची जाळी विणायची लोकप्रिय रीत म्हणजे मार्चिंग क्यूब्ज. ती विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये वैद्यकीय स्कॅनमधली हाडं-अवयव दाखवण्यासाठी काढली होती.

पाण्याच्या फेसाळ लाटेत पृष्ठभाग खडबडीत असला तरी खपतो. काकवीत खपत नाही. आरशासारख्या तकाकीवर एक उंचवटा राहिला, तरी दिव्याचं प्रतिबिंब तिथे मुरडतं आणि साबुदाण्यावर कापड टाकल्याचा भास होतो. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत करावा लागतो. तो जास्त केला, तर धारेचं बारीक टोक गळून पडतं. मधला मार्ग प्रत्येक शॉटला नव्यानं शोधावा लागतो.

८. वाटी दोन मीटरची झाली तर

ब्लेंडर उघडल्यावर समोर येणारा घन दोन मीटर उंच असतो. शिकणारा त्यालाच वाटी समजून काम सुरू करतो. सॉफ्टवेअरला मात्र ती दोन मीटरचीच वाटी आहे. दहा सेंटिमीटरवरून पडायला ०.१४ सेकंद लागतात, म्हणजे तीन-चार चित्रं. दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद, म्हणजे पंधरा चित्रं. काकवी जणू पाण्याच्या टाकीतून सांडते आहे असं वाटतं. दाटपणाही आकारावर अवलंबून दिसतो : मधाचा खरा आकडा भरला, तरी मोठ्या वाटीत तो पातळ भासतो. २०२० मध्ये ब्लेंडरच्या २.८२ आवृत्तीत मँटाफ्लो हा सॉल्व्हर आला. त्यात पाणी, तेल, मध यांचे तयार आकडे आहेत. पण वाटीचं माप खरं भरल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

९. श्रीखंड वेगळं का

काकवीला वेळ दिला तर ती वाटीत सपाट होते. श्रीखंड होत नाही. चमच्यानं काढलेली वळणं दुसऱ्या दिवशीही तशीच दिसतात. केचप, टूथपेस्ट, दाढीचा फेस याच घरातले. ठरावीक जोर लागेपर्यंत ते घट्ट वस्तूसारखे वागतात, त्यापुढे वाहू लागतात. दाटपणाचा आकडा कितीही वाढवला तरी हे साधत नाही, कारण दाट द्रव सावकाश का होईना, वाहतोच.

इथे कणाला शेजाऱ्यांचा वेग कळणं पुरत नाही. आपल्या भोवतीचा पदार्थ मूळ आकारापासून किती ताणला गेला, हेही त्यानं लक्षात ठेवावं लागतं. अशी आठवण बाळगणाऱ्या कणांची पद्धत म्हणजे मटेरियल पॉइंट मेथड. डिस्नेच्या २०१३ मधल्या ‘फ्रोझन’ चित्रपटासाठी अलेक्सी स्टोमाखिन आणि सहकाऱ्यांनी ती बर्फाला लावली : दाबला की गोळा होणारा, आपटला की फुटणारा भुसभुशीत बर्फ. दोनच वर्षांत याच मार्गानं फेस आणि लवचीक द्रवांवरचे निबंध आले.

१०. पाच सेकंदांचा खर्च

आता आपल्या शॉटचा हिशेब मांडू. काकवीला वीस लाख कण धरले. प्रत्येकाच्या जागेचे तीन आणि वेगाचे तीन असे सहा आकडे, आकड्याला चार बाइट, म्हणजे कणामागे २४ बाइट. एका चित्राचे ४८ मेगाबाइट. पाच सेकंदांची १२० चित्रं म्हणजे पावणेसहा गिगाबाइट, तेही पृष्ठभाग आणि रंग यांची भर पडायच्या आत. दिग्दर्शकानं “जरा आणखी दाट” म्हटलं, की हे सगळं पुन्हा.

म्हणून अनुभवी कलाकार आधी पन्नास हजार कणांवर धार कुठे पडते आणि किती पसरते एवढंच पक्कं करतात, त्यावर मंजुरी घेतात आणि मगच कण वाढवतात. आपल्या शॉटमध्ये आणखी एक सोय हाताशी आहे. कणाला वेगाबरोबर तापमानही देता येतं आणि दाटपणा त्या तापमानाला बांधता येतो. २००२ मध्ये मार्क कार्लसन आणि सहकाऱ्यांनी वितळणारं मेण असंच दाखवलं होतं. गरम घावनाला टेकलेल्या काकवीचे कण तापतात, पातळ होतात आणि घावनाच्या छिद्रांत उतरतात. वरचा ढीग मात्र अजून दाटच असतो, आणि तो खालून सैल झालेल्या थरावरून एका बाजूला सरकू लागतो.